घरचा डबा संपल्यावर : वालाच्या रोपाला पातळ खत कधी आणि किती?

डाळिंब्यांची उसळ आपल्यापैकी बहुतेकांनी खाल्लेली आहे. कडवे वाल रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेकाची साल काढायची. साल निघाल्यावर हातात जी गुळगुळीत, दोन पाकळ्यांची वस्तू उरते ती डाळिंबी. अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांना आठवत असेल, या पाकळ्यांना पुस्तकात 'बीजपत्रं' म्हणतात. मित्रांनो, आपण उसळ म्हणून जे खातो ते खरं तर वालाच्या रोपाचं पहिल्या दहा-बारा दिवसांचं जेवण असतं.

ही साधी गोष्ट लक्षात घेतली, तर गच्चीत किंवा खिडकीत कुंडी ठेवणाऱ्यांच्या निम्म्या चुका टळतील. कारण सध्या जीवामृत, अमृतजल, पंचगव्य, गांडूळपाणी अशी नावं सगळ्यांना पाठ असतात. कृतीसुद्धा पाठ असते. पण ते रोपाला कधी द्यायचं आणि किती द्यायचं, हे विचारलं की "द्यायचं रोज मगभर, सेंद्रिय आहे, काही होत नाही" असं उत्तर येतं. काही होत नाही हे खोटं आहे, चांगलंच होतं. शेंगवर्गीय रोपाच्या बाबतीत खत कुठलं यापेक्षा ते कितव्या दिवशी आणि किती पातळ करून दिलं याला जास्त महत्त्व आहे. त्यामागचं कारण आणि हिशेब दोन्ही इथे मांडतो. आपण इंजिनिअरिंगवाले, हिशेबाशिवाय आपलं समाधान होत नाही!

डबा आणि मेसचं कार्ड

हॉस्टेलला नवीन आलेला फर्स्ट इयरचा मुलगा घरून लाडू-चिवड्याचा डबा आणतो. पहिले काही दिवस त्यावर निघतात. मेसचं कार्ड मात्र फॉर्म, फोटो, रेक्टरची सही असे सोपस्कार होऊन मिळतं. डबा संपला आणि कार्ड आलं नाही, अशी मधली फट असते. वालाच्या रोपाचंही हुबेहूब असंच आहे.

वाल पेरल्यावर पाच-सहा दिवसांत कोंब वर येतो. येताना तो डाळिंब्याही स्वतःबरोबर जमिनीच्या वर घेऊन येतो. चवळी आणि फरसबीही तसंच करतात. (हरभरा आणि वाटाणा डबा जमिनीखालीच ठेवतात.) या डाळिंब्यांमधली प्रथिनं आणि पिष्ट वापरून रोप पहिलं मूळ, पहिली खरी पानं तयार करतं. दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत डाळिंब्या सुरकुततात, पिवळ्या पडतात आणि गळतात. पुष्कळ जण हे पाहून घाबरतात आणि रोग पडला समजून फवारणी सुरू करतात. घाबरायचं कारण नाही. रिकामा डबा रोपानं टाकून दिला, एवढंच.

आता मेसचं कार्ड. शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवर गाठी असतात, त्यात रायझोबियम गटातले जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन रोपाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. बदल्यात रोप त्यांना साखर पुरवतं. हे आपण शाळेत शिकलो. शाळेत जे ठळक करून सांगत नाहीत ते असं, की या गाठी पहिल्या दिवसापासून नसतात. मुळानं विशिष्ट रसायन सोडायचं, जिवाणूनं ते ओळखून उत्तर द्यायचं, केशमुळातून आत शिरायचं, मग गाठ वाढायची. डोळ्यांना दिसतील अशा गाठी यायला दोन आठवडे लागतात आणि त्या नीट काम करू लागेपर्यंत तीन ते चार आठवडे जातात. त्या काळात उलट गाठी पोसायचा खर्चही रोपालाच सोसावा लागतो.

म्हणजे साधारण बाराव्या दिवसापासून पंचविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत रोपाला घरचा डबाही नाही आणि मेसही नाही. याच दोन आठवड्यांत पानं फिकट पडतात, वाढ अडते आणि "वाल आपल्याकडे होत नाही" असं म्हणून कुंडी कोपऱ्यात ढकलली जाते. द्रवरूप खताची खरी गरज इथे आहे. कंपोस्टसारखं घट्ट खत मातीत सावकाश कुजतं, त्याचा नायट्रोजन मोकळा व्हायला वेळ लागतो. पातळ खतातला काही भाग आधीच विरघळलेला असतो, त्यामुळे तो मुळाला लगेच मिळतो.

मग कोकणातला शेतकरी कुठे देतो पातळ खत?

हा प्रश्न विचारायलाच हवा. रायगड जिल्ह्यात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत त्याच्याच शेंगा मडक्यात भरून, भांबुर्डीचा पाला लावून पोपटी करतात. त्या शेतात कोणी ड्रम घेऊन फिरत नाही, तरी वाल येतो. कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाल होत असल्यामुळे मातीत योग्य जिवाणू आधीच हजर असतात. शिवाय मुळाला खाली जायला जागा असते आणि भाताच्या खतातलं थोडंफार शिल्लक असतं.

आपल्या कुंडीत यातलं काहीच नसतं. अंधेरीच्या नाही तर बोरिवलीच्या नर्सरीतून आणलेली लाल माती, थोडं कोकोपीट, दहा इंचांची खोली. अशा मातीत वालाचे जिवाणू असतीलच असं नाही. म्हणून पहिलं काम खताचं नाही, विरजणाचं आहे. गावाकडे वाल किंवा चवळी झालेल्या शेतातली मूठभर माती सुट्टीत जाताना आठवणीनं आणा आणि कुंडीच्या मातीत मिसळा. नाही तर कृषी केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात मिळणारं रायझोबियमचं पाकीट आणून, गुळाच्या थंड पाण्यात कालवून, बियांना चोळा आणि सावलीत सुकवून लगेच पेरा. शेणात रायझोबियम मिळेल या भरवशावर राहू नका. शेणातले बहुतेक जिवाणू जनावराच्या आतड्यातले असतात, ते वालाच्या मुळावर गाठी करत नाहीत.

ही खतं आली कुठून?

पातळ खत ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या संस्कृत ग्रंथात 'कुणपजल' नावाच्या आंबवलेल्या खताचं वर्णन आहे. या ग्रंथाची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती. नलिनी साधले यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

आजच्या 'जीवामृता'चं नाव महाराष्ट्राच्या बाहेर नेलं ते अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकर यांनी. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. एका एकराला २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, असं त्याचं सर्वसाधारण प्रमाण. दोन दिवस आंबवून ते पाण्याबरोबर शेतात सोडतात.

कुंडीसाठी जास्त सोयीचं आहे 'अमृतजल'. ही पद्धत श्रीपाद अच्युत दाभोलकर यांच्या 'प्रयोग परिवार' या चळवळीच्या परंपरेतली, दीपक सचदे यांनी पुढे नेलेली. दाभोलकर कोल्हापूरकडचे, पेशानं गणिताचे प्राध्यापक. शेतकऱ्यानं दुसऱ्याच्या शब्दावर विसंबू नये, स्वतःच्या परसात मोजमाप करून प्रयोग करावा आणि निष्कर्ष एकमेकांना सांगावेत, हा त्यांचा आग्रह. मुंबईत याचं ठळक उदाहरण म्हणजे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराची गच्ची. तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ साली स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरवायला म्हणून सुरुवात केली आणि गच्चीवर भाज्या-फळझाडांची बागच उभी राहिली. त्यांना सुरुवातीची दिशा मिळाली ती वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशी यांच्या शहरी शेतीच्या प्रयोगांतून. कर्मचाऱ्यांचं जेवण शिजवणाऱ्या ठिकाणी हे होऊ शकतं, तर रोज शेकडो ताटं वाढणाऱ्या मेसच्या गच्चीवर का होऊ नये?

अमृतजलाची कृती

साहित्य : १० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ. झाकण असलेली २० लिटरची बादली आणि एक लांब काठी.

१. नळाचं पाणी आदल्या रात्री बादलीत उघडं भरून ठेवा, म्हणजे त्यातलं क्लोरीन बरंचसं उडून जाईल.

२. गूळ थोड्या पाण्यात विरघळवा. शेण हातानं कालवून गुठळ्या मोडा. सगळं एकत्र करून सावलीत ठेवा.

३. तोंडाला जाड फडकं बांधा. घट्ट झाकण लावू नका, आत वायू तयार होतो.

४. दिवसातून तीन वेळा, काठीनं आधी एका दिशेनं आणि मग उलट दिशेनं दहा-बारा वेळा ढवळा. यात मंत्र-तंत्र काही नाही. दिशा बदलली की खळबळ होते आणि हवा आत जाते.

५. तीन दिवस झाले की चौथ्या दिवशी फडक्यातून गाळा. एक भाग अमृतजल आणि दहा भाग पाणी असं मिसळून त्याच दिवशी वापरा.

शेण मिळवायला गावाला जायची गरज नाही. गोरेगावच्या आरे कॉलनीत तबेले आहेत. तिथे बहुतेक म्हशी आहेत, गाय नाही, म्हणून अडून बसू नका. नायट्रोजनच्या हिशेबात म्हशीचं शेणही चालतं.

ढवळणं का महत्त्वाचं? गूळ मिळाला की जिवाणू भराभर वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. तो संपला की प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. बादलीला आंबूस-मातकट वास येत असेल तर काम नीट चाललंय. नाक धरायची वेळ आली तर रोपाला देऊ नका, कंपोस्टच्या खड्ड्यात ओता.

आता हिशेब

एका वालाचं वजन पाव ग्रॅम धरू. त्यात साधारण २४ टक्के प्रथिनं, म्हणजे ६० मिलिग्रॅम. प्रथिनांना ६.२५ नं भागलं की नायट्रोजन मिळतो : जवळपास १० मिलिग्रॅम. हा झाला आईनं दिलेला डबा. एवढ्याशा नायट्रोजनवर रोप पहिल्या पानांपर्यंत पोचतं.

आता अमृतजल. ताज्या शेणात नायट्रोजन साधारण ०.४ टक्के, म्हणजे एका किलोत ४ ग्रॅम. गोमूत्रात ०.८ टक्के धरला तर लिटरला ८ ग्रॅम. एकूण १२ ग्रॅम, सुमारे १२ लिटरमध्ये. म्हणजे लिटरला १ ग्रॅम. दहापट पातळ केल्यावर लिटरला साधारण १०० मिलिग्रॅम. एका कुंडीला १०० मिली, म्हणजे चहाचा एक कटिंग ग्लास दिला, तर १० मिलिग्रॅम नायट्रोजन जातो.

गंमत पाहा, एक कटिंग ग्लास म्हणजे एक आख्खा डबा! शेण-गोमूत्र जनावराच्या चाऱ्यानुसार बदलतं, काही नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो, काही शेणात अडकून राहतो. त्यामुळे प्रत्यक्षात हाती निम्माच लागेल असं धरा. तरी दोन ग्लासांत एक डबा भरतो. इवल्याशा रोपाला एका वेळी याहून जास्त लागतच नाही.

तुलनेसाठी युरिया घेऊ. घाटकोपरच्या शेजारी चेंबूरला आरसीएफचा कारखाना आहे, तिथे तयार होणाऱ्या युरियात नायट्रोजन ४६ टक्के असतो. दोन बोटांत मावणारी चिमूट अर्ध्या ग्रॅमची धरली तर तिच्यात २३० मिलिग्रॅम नायट्रोजन, म्हणजे एकदम २३ डबे. मुळाला नायट्रोजन शेवटी नायट्रेट किंवा अमोनियम याच रूपात मिळतो. तो गोठ्यातून आला की कारखान्यातून, हे मुळाला कळत नाही. युरिया विष नाही, पण कुंडीच्या मापाला तो फारच तिखट आहे, चिमटीची चूकसुद्धा महागात पडते. पातळ सेंद्रिय खताचा एक मोठा फायदा हाच, की ते मुळातच सौम्य आहे. मात्र पातळ केलं तरच.

आता जीवामृताचाही हिशेब करून टाकू. एका एकराचं सगळं जीवामृत मिळून नायट्रोजन भरतो साधारण २०० ग्रॅम. कडधान्याला सुरुवातीला एकरी ८ ते १० किलो नायट्रोजन देण्याची शिफारस असते. म्हणजे जीवामृत हे पोटभर जेवण नव्हे. पाळेकर स्वतःही त्याला अन्न न म्हणता जिवाणूंचं विरजणच म्हणतात. आणि २०० लिटर एका एकरावर पसरलं तर एका चौरस मीटरला येतात जेमतेम ५० मिली. दहा इंची कुंडीच्या वाट्याला किती? अडीच मिली, अर्धा चमचा! तेच जीवामृत न मिसळता मगभर ओतणारा माणूस शेतातल्या प्रमाणाच्या शेकडो पट देत असतो आणि वर म्हणतो, "काही होत नाही."

जास्त झालं की काय होतं?

पहिला परिणाम मुळांवर. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. मुळाभोवतीच्या पाण्यात क्षार जास्त झाले की मुळातलंही पाणी असंच बाहेर ओढलं जातं. कुंडी ओली असूनही रोप मान टाकतं. आपण आणखी खत-पाणी घालतो आणि ते आणखी बिघडतं. फरसबी तर क्षाराला सगळ्यात नाजूक पिकांपैकी एक आहे. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता मीटरला १ डेसीसीमेन्सच्या वर गेली की तिचं उत्पन्न घटायला लागतं. लॅबमध्ये कंडक्टिव्हिटी मीटर असतोच. पातळ केलेलं खत आणि कुंडीतून खाली गळणारं पाणी अधूनमधून मोजून पाहा, व्हायवाला उपयोगी पडेल.

दुसरा परिणाम गाठींवर. मातीत नायट्रेट भरपूर असेल तर रोप गाठी करायच्या फंदात पडत नाही. घरबसल्या डबा येत असेल तर मेसला कोण जाईल? मग वेल हिरवागार, पानं तळहाताएवढी, आणि शेंगा नाहीत. मावाही अशाच लुसलुशीत वेलावर आधी येतो.

म्हणून वेळापत्रक असं ठेवा :

पेरणी ते दहावा दिवस : फक्त पाणी. डबा भरलेला आहे.

साधारण १२, १९ आणि २६ वा दिवस : प्रत्येक कुंडीला दहापट पातळ केलेलं १०० मिली. आधी साधं पाणी देऊन माती ओली करा, मग खत द्या. पानांवर ओतू नका.

चौथ्या आठवड्यानंतर : एक जादा रोप मुळासकट अलगद उपटा आणि दोन-चार गाठी नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर गाठ कामाला लागली. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा असतो. पांढरी किंवा हिरवट दिसली तर काम चालू नाही. वाल आणि चवळीच्या गाठी लाल असतील तर नायट्रोजन देणं थांबवा.

फरसबीचं गणित मात्र वेगळं आहे. आपल्याकडच्या मातीत तिच्यावर गाठी फार कमी येतात. म्हणूनच राजमा-फरसबीला इतर कडधान्यांपेक्षा कितीतरी जास्त नायट्रोजन देतात. तिला शेंगा धरेपर्यंत दर आठवड्याला हाच एक ग्लास चालू ठेवा. चवळीला ज्या जिवाणूंची गाठ लागते ते उष्ण प्रदेशातल्या मातीत सर्रास असतात, त्यामुळे नवशिक्यांनी चवळीपासूनच सुरुवात करावी. ती आपल्या दमट हवेतही तग धरते.

मुंबईच्या गच्चीवर येणाऱ्या अडचणी

पाऊस : जुलैच्या मुसळधारेत कुंडीत दिलेलं खत तासाभरात गटारात जातं. वाल लावायचा तर परतीचा पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला. परीक्षा आणि सुट्ट्या येईपर्यंत रोपाचे पहिले चार नाजूक आठवडे पार पडतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'कोकण भूषण' हा बुटका वाण मिळाला तर उत्तम, त्याला मांडव लागत नाही.

डास : गच्चीवरच्या साचलेल्या पाण्यावर महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची नजर असते आणि ते योग्यच आहे. बादलीला फडकं हवंच. कुंडीखालच्या बशीत पाणी राहू देऊ नका.

भार : सिव्हिलवाल्यांनी इथे लक्ष द्यावं. वापरातल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये चलभार धरतात चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो. ओल्या मातीचा २० सेंटिमीटरचा थर एकटाच ३०० किलोच्या वर जातो. म्हणून मातीचे वाफे गच्चीभर पसरू नका. कुंड्या बीम आणि भिंतींच्या बाजूनं ठेवा, मातीत उसाची चिपाडं, पालापाचोळा, कोकोपीट मिसळून ती हलकी करा. दोशींच्या पद्धतीतही चिपाडांवर भर आहे.

स्वच्छता : शेणात पोटाच्या विकाराचे जंतू असू शकतात. खत मातीतच द्या, शेंगांवर फवारू नका. हात साबणानं धुवा आणि शेंगा धुऊन, शिजवून खा.

राख : इस्त्रीवाल्याकडची लाकडी कोळशाची राख पालाशसाठी चांगली. पण ती अमृतजलात मिसळू नका. राख अल्कली आहे, तिच्यामुळे अमोनिया उडून जातो. द्यायचीच तर वेगळ्या दिवशी, चिमूटभर, मातीवर.

मेसमधून काय घेता येईल?

२०१७ साली मुंबई महापालिकेनं रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्था आणि सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड २०१८ मध्ये बंद झालं. देवनारची परिस्थिती ट्रेननं गोवंडीवरून जाणाऱ्यांना वासानंच कळते. आपल्या ताटात उरलेलं अन्न कोणाच्या तरी घराशेजारी जाऊन पडतं, तेव्हा हा विषय निव्वळ छंदाचा राहत नाही.

तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी सरळ झाडांना चालतं. त्यात मीठ नसतं. उरलेली आमटी, भाजी, लोणचं मात्र मीठ-तेलाचं, ते कधीच पातळ खतात घालू नका. भाज्यांची देठं-सालं कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकली की खाली काळपट पाणी गळतं. ते तीव्र असतं. किमान वीसपट पातळ करा आणि लहान रोपांना न देता मोठ्या झाडांना द्या. मोठ्या प्रमाणावर करायचं तर भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या 'निसर्गऋण' बायोगॅस प्रकल्पाचा नमुना आहे. त्यात स्वयंपाकघरातल्या कचऱ्यापासून गॅसही मिळतो आणि खतही. मेकॅनिकल आणि केमिकलच्या मुलांना फायनल इयर प्रोजेक्टसाठी विषय शोधायला लांब जायची गरज नाही.

स्वतः करून पाहा

वर लिहिलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवण्यापेक्षा ते तपासा. चवळीच्या ४० कुंड्या लावा, माती एकसारखी, बी एकाच पाकिटातलं. दहा-दहाचे चार गट करा. पहिल्याला फक्त पाणी. दुसऱ्याला पेरल्या दिवसापासून दर आठवड्याला अमृतजल. तिसऱ्याला बाराव्या दिवसापासून अमृतजल. चौथ्याला बाराव्या दिवसापासून युरियाचं पाणी, लिटरला फक्त ०.२ ग्रॅम, म्हणजे नायट्रोजन तेवढाच पडेल. खत १०० मिली तर पाणीही १०० मिली, नाही तर खताचा गुण की पाण्याचा, हे कळणार नाही. कुंड्या चिठ्ठ्या टाकून मांडा, म्हणजे एकाच गटाला सगळं ऊन मिळालं असं व्हायला नको. तिसाव्या दिवशी उंची, पानं आणि प्रत्येक गटातल्या पाच रोपांच्या गाठी मोजा. ही पाच रोपं ओव्हनमध्ये वाळवून वजन करा. उरलेल्या पाचांच्या शेंगा मोजा.

दुसरा आणि तिसरा गट यांच्यात फरक पडला नाही, तर पहिल्या बारा दिवसांचं खत वाया गेलं हे सिद्ध होईल. तिसरा आणि चौथा सारखाच आला, तर शेणाचा चमत्कार नव्हता, नायट्रोजनचा वेळेवर मिळालेला घास होता, असं म्हणावं लागेल. तिसरा पुढे गेला, तर नायट्रोजनशिवाय आणखी काय मिळालं ते शोधायला एक चांगला प्रश्न हाती लागेल. निकाल काहीही आला तरी तो नोटीस बोर्डावर लावा, जमलं नाही तेही लिहा. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराची रीत हीच होती.

आणि शेंगा आल्याच, तर त्या मेसच्या काकांकडे द्या. चवळीच्या शेंगांची भाजी चाळीस कुंड्यांतून सगळ्या हॉस्टेलला पुरणार नाही, हे मान्य. पण ज्या मेसनं कचरा दिला तिच्याच ताटात चार शेंगा परत गेल्या, तर रेक्टरसाहेब बादलीच्या वासाबद्दल थोडं कमी बोलतील अशी आशा करायला हरकत नाही.